भिकूच्या अंगणात मावणारी लेन्स

नाही, पण मला एक सांगा, माणसानं कॅमेरा विकत घ्यायचा, मिरवत घरी आणायचा, डोळ्याला लावायचा, आणि आत काय दिसतं? धुकं! आता याला काय म्हणायचं? आमच्या पौडच्या फिरोज टेलरचं अगदी हेच झालं. मारुंजीच्या सोसायटीत राहणारा, कंपनीतला तो पियूष, त्यानं हौसेनं घेतलेला डीएसएलआर विकायला काढला, फिरोजनं दुप्पट हौसेनं घेतला, आणि घरी येऊन बघतो तर पुढं भोक! चांगलं गोल, वाटीएवढं भोक! फोन लावला तर पियूष काय म्हणतो, "अरे भाई, बॉडी ओन्ली बोललो होतो ना? लेन्स तुझी तू चूज कर, ती खूप पर्सनल गोष्ट असते." पर्सनल! आणि इकडं फिरोजचे वडील, ताजुद्दीनचाचा, मशीन थांबवून भोकात बोट घालून बघतायत... "आरं, बिनबाह्यांचा शर्ट निदान अंगात तरी जातो. ह्ये काय कामाचं?"

बरं, तुम्हाला सांगतो, नुसती हौस असती तर कपाटात ठेवून दिला असता. पण फिरोजनं शब्द देऊन ठेवलेला! मुठा गावच्या भिकूच्या लेकीची, सायलीची हळद, आणि भिकूची आई सगुणाबाई हट्टाला पेटलेली, "माजी तिनी पोरं एका फोटूत पायजेत. म्या दुसरं काय बी मागत न्हाई." आता यात अवघड ते काय? तर भिकूचे दोन थोरले भाऊ, विठ्ठलराव आणि भैरू, रस्त्याकडेचं वावर बंगलेवाल्याला विकल्यापासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एक अंगणाच्या या टोकाला उभा राहिला की दुसरा त्या टोकाला. मधे सुना, जावई, मेव्हणे, लेकुरवाळ्या, कडेवरची, कडेवरून उतरलेली... आणि वर दोघांनीही फिरोजला वेगवेगळं गाठून दम भरलेला, "मला कापलंस, तर हळदीच्या मांडवातनं उटून जाईन!" बाकी सगळे हवे तिथं उभे करा हो, पण मागं सरकायला जागा? मागं बांध, बांधाखाली भाताचं खाचर! अंगण तेवढंच, भावकी एवढी!

मग काय, सल्ल्याला तोटा आहे का आपल्याकडं? स्टुडिओवाला मनीष म्हणाला, "फिरोजभाई, लेन्सला वजन पायजे! वजन बघून लोक खुर्ची देतात." आणि दिलं की हातभर नळकांडं वापरून बघायला! फिरोज ते घेऊन भिकूच्या अंगणात गेला, भिकूनं घरातली माणसं उभी केली, यानं डोळा लावला... तर आत फक्त सगुणाबाईच्या नाकावरचा तीळ! फर्स्टक्लास तीळ, पण भावकी कुठाय? सरक मागं. अजून मागं. बांध उतरला, खाचर ओलांडलं, ओढा ओलांडला, पलीकडच्या फार्महाउसच्या कुंपणाला पाठ टेकली तेव्हा कुठं सगळे मावले! वॉचमन ओरडतोय, "ए भैया, इधर किधर?" आणि फिरोज बेंबीच्या देठापासून "हसाऽऽ!" करतोय. तिकडं कुणाला काय ऐकू येणार? त्यांना वाटलं गडी चिखलात रुतला, दोघं दोर घेऊन धावत आले!

नळकांडं परत. मग पियूष म्हणाला, "भाई, फिफ्टी एमएमची लेन्स घे, आंख बंद करके! बॅकग्राउंड असं ब्लर होतं ना, मलई!" घ्या! मागच्या रांगेत उभे व्याही, आणि त्यांची करा मलई! तरी फिरोजनं तीही मागून आणली, बांधाच्या कडेवर टाचा टेकवून लावली. तर काय, डावीकडं वळवली की विठ्ठलराव येतो, भैरू जातो. उजवीकडं वळवली की भैरू येतो, विठ्ठलराव जातो! विठ्ठलरावनं ते बरोबर हेरलं, "आसं व्हय? म्हंजी तू त्याच्या अंगाचा!" अहो, फिरोज लेन्स बघत होता, आणि गावात बातमी काय, तर टेलर भैरूला फितूर झाला! काय करील बिचारा? अंगण तेवढंच, भावकी एवढी!

त्या दिवशी दुकानात शाळेचे गणवेश कापताना फिरोजचा हात मधेच थांबला. म्हणाला, "अब्बा, गिऱ्हाइकाचं पोट मोटं आसलं तर आपून काय पोट कापतो का?" ताजुद्दीनचाचांनी कैचीच काढून घेतली त्याच्या हातातली! पण गडी निघाला तडक मारुंजीला. पियूषला म्हणाला, "मला भारी नको, मलई नको. हुबं ऱ्हायल्या जाग्यावरनं लई रुंद बघंल आशी दे." पियूषनं खण उपसला, आणि चार्जर नि मोज्यांच्या खालून एक ठेंगणी, प्लास्टिकची लेन्स काढली. "ही? ही तर किट लेन्स रे! कॅमेऱ्यासोबत येते. कोणी सिरियस माणूस लावत नाही." फिरोज म्हणाला, "म्या कुटं सिरियस हाय? मला हळद काडायचीय!"

आणि काढली! हळदीच्या दिवशी बांधाला टाचा लावून, डोळा लावून, सगळ्यात रुंद करून बघतो तर... या टोकाला विठ्ठलराव, त्या टोकाला भैरू, मधे सगळी भावकी, वर गोठ्यातली म्हैससुद्धा आत! दाबलं बटण! सगुणाबाईनं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत तिन्ही लेकरं बघितली आणि पदर डोळ्याला लावला. फिरोजच्याही डोळ्यांत पाणी आलं, कशाला लपवायचं?

पण असल्या रुंद लेन्सची एक खोड असते. कडेचा माणूस ती ताणते! विठ्ठलरावनं काचेत डोकावून बघितलं, भैरूचं पोट फ्रेमबाहेर निघालेलं. खदाखदा हसला. मग स्वतःकडं नजर गेली. हसू बंद! "ह्ये... ह्ये मी हाय? पुन्ना काड!" तिकडनं भैरूनंही बघितलं, "पुन्ना काड! कडंला म्या न्हाई ऱ्हानार!" "मी बी न्हाई!" आणि दोघंही मुसंडी मारून मधे घुसले, आईच्या मागं, बरोबर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून! कुणी हलेना! विठ्ठलराव समोर बघतच पुटपुटला, "पोट आत घे, भैरू." भैरू म्हणाला, "तू घे, दादा." अहो, दादा म्हणाला! इतक्या वर्षांनी दादा म्हणाला! सायली हळदीच्या अंगानं नाचायला लागली, फिरोजनं बटणावरचं बोट उचललंच नाही, आणि जेवायला दोघे भाऊ एकाच पंगतीला बसले. फत्ते!

आता फिरोजला वाटलं, नाव झालं, चार फोटोच्या ऑर्डरी येतील. आल्या ना! रोज फोन येतात! पण फोटो कुणाला हवाय? "आमच्यात चुलते-पुतणे बोलत न्हाईत, तुमचा कॅमेरा घिऊन या." "हितं दोन जावा हायेत, जरा येऊन जाता का?" काल तर लवासाच्या वाटेवरच्या एका गावातनं एक जण अगदी हळू आवाजात विचारत होता, "फिरोजभाई, घरात सासू-सून हायेत. त्याला कंची लेन्स लागंल?" फिरोजनं गळ्यातली टेप नीट केली, सुस्कारा सोडला, आणि म्हणाला, "दादा, तसली अजून निगाली न्हाई."