मैद्याचं पथ्य

हॅलो?… हॅलो, कोण?… मोठ्यानं बोल, गिरणी चालू हाय… हर्षाली? अगं मग आधी नाव सांगावं ना. थांब, ओट्यावर येते…

हां, बोल. जेवलीस का?… कंपनीतलं जेवण ते काय जेवण!… सांगते, तुझ्या लाडक्या कुत्र्याचं, मैद्याचंच सांगते. आधी आजीची तब्येत विचारायची रीत नाय का तुमच्या सिन्नरला?… बरी हाय मी. मला काय धाड भरलीय?

त्याच्या खाण्याचं पार्सल आलं… हो, हो… अगं ऐक ना. आलं, पण फोडलं नाय… का म्हणजे? पुडक्यावर मासा हा एवढा! मी म्हटलं, वा, नात शहाणी निघाली. मग तुझ्या आईला म्हटलं, सविता, मागचं बारीक वाच गं. तिथं मुंग्यांएवढी अक्षरं, मला पाटीएवढी लागतात. तिनं वाचलं. पहिलंच काय? कोंबडीची भुकटी. अन् मासा पार खाली, मिठाच्या शेजारी… हो ना! पुढं आणखी लिहिलंय, ‘प्राणिजन्य प्रथिने’. अगं, प्राणी म्हणजे कोण? हत्ती का उंदीर? नाव लिहायला शाई संपली होती का त्यांची?… तुला नाय बोलत, त्या चित्र काढणाऱ्याला बोलते. तू कशाला रडवेली होतेस?

काय म्हणाले होते मैद्याचे डॉक्टर? जन्मात खाल्लं नाय असं एकच मांस, अन् भात. आठ आठवडे दुसऱ्या कशाला तोंड लावू द्यायचं नाय, तेव्हा कळंल खाज कशाची ते. बरोबर?… मग तूच सांग, जन्मात न खाल्लेलं असं आपल्या कुत्र्यानं ठेवलंय काय? मटण-कोंबडी दर जत्रेला. अंडी शेजारच्या खुराड्यातली, तीबी चोरून. सोयाबीनच्या वड्या तुझ्या आईच्या हातच्या. दळण घेऊन आलेला कोंडाजी मध्येच शहाणा, म्हणे शेंगदाण्याची पेंड घाला, ताकद येती. मी हुंगली… बुरशी, दुसरं काय! म्हटलं, कोंडाजी, आधी तू खा, उद्या सकाळी उठलास तर कुत्र्याला घालते… सुकट? अगं ते तर मिठाचं पोतं! राह्यला धरणावरचा ताजा मासा. आपल्या घरात तो कधी शिजलाच नाय.

…मीच शिजवते, दुसरं कोण? मागं परसात, वेगळ्या पातेल्यात. नाकाला पदर लावून. नुसतं पाणी. मीठ नाय, तिखट नाय, कांदा-लसूण तर नावालाबी नाय. कांदा म्हणे कुत्र्याला विष! नाशकात बसून कांद्याला विष म्हणायचं, जीभ अडखळली माझी. पण म्हटलं. मुकं जनावर, त्याला कुठं सांगता येतंय… हो, ती पुडीबी घालते, डॉक्टरांनी दिलेली. विसरत नाय.

अन् महिनाभरात काय सांगू पोरी, गळालेल्या पाठीवर पुन्हा केस फुटायला लागले होते. पांढरे, मऊ, दळलेल्या मैद्यासारखे. मग मागच्या सोमवारी उठला तो कानामागं रक्त येईस्तोवर खाजवत… सांगितलं नाय, खरंय. तू तिथं मशीनवर उभी, तुला कशाला घोर? तुझ्या बापानं तर तोंडच उघडलं. गिऱ्हाईकं नाक मुरडतात, दळणात केस पडतील, याला येवल्याला मामाच्या कांद्याच्या चाळीवर राखणीला सोडून येतो… हो, या येत्या रविवारी न्यायचं ठरवलं होतं त्यानं… अगं थांब, ऐक तर खरी!

मी म्हटलं, संतोष, पातेल्यात मीच घालते, मग पोटात दुसरं गेलं कुठनं? घर धुंडाळलं. सगळ्यांना उभं करून विचारलं, तुझ्या आईलाबी सोडलं नाय, ती दोन दिवस फुगली होती. मग परवाच्या रविवारी बसले दबा धरून, गव्हाच्या गोण्यांमागं… हस, हस! गुडघे अजून बोलतात माझे.

कोण आलं असंल? शेजारची वत्सलाबाई! पदराखाली वाटी! वाटीत कोंबडीचा रस्सा अन् कुस्करलेली भाकरी… नाय गं, पाजी नाय ती. कुणीतरी सांगितलं तिला, रविवारी खंडेरायाच्या कुत्र्याला घास घाल, तुझ्या लेकाला, किशोरला नोकरी लागंल. आदल्या रविवारपासून सुरू केलंय म्हणाली. मी वाटी हिसकली. म्हटलं, वत्सले, तुझ्या किशोरला नोकरी लागेस्तोवर माझं कुत्रं टकलं होईल!… भांडली ना, का नाय भांडणार. ‘माझा नेम मोडला’ म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. मग मलाच कसंसं झालं. म्हटलं, हे बघ, नेम मोडू नको. दर रविवारी ये, मासा मी उकडते, ताट तू ठेव तुझ्या हातानं. देवाला हात दिसतो, पातेलं नाय… आली कबूल, आली.

काय?… परत बोल… शेवटाला डॉक्टर पुन्हा कोंबडी घालून बघणार होते? मुद्दाम? खाज उठती का ते?… अगं बाई! म्हणजे… थांब जरा. रविवारी घास, सोमवारी खाज. अन् परवा वाटी हिसकली तर काल रात्रभर गप पडलाय, एकदाबी पाय उचलला नाय कानाकडं… हो गं! मग ती परीक्षा वत्सलाबाईनंच घेतली की! अन् मी तिला काय काय बोलले…

…नाय, नाय, मी कशाला ठरवू? रश्श्यात मसालाबी होता, कांदाबी होता. तू लाव फोन डॉक्टरांना, सगळं सांग, वाटीसकट. ते म्हणतील ते खरं. पण माझं मन सांगतंय, सापडला चोर… आता रडतेस कशाला? बरं वाटलं तरी रडायचं, वाईट वाटलं तरी रडायचं!

बाप ना? सांगितलं की सकाळीच, वत्सलाबाईच्या वाटीचं. काय बोलणार? ‘हूं’ म्हणाला. तुझ्या आज्याकडनं आलंय ते ‘हूं’… येवल्याचं? मी नाय विचारलं. विचारलं की हट्टालाच पेटतो तो. थांब, गिरणी बंद झाली वाटतं. बघते कुठं गेलाय…

हर्षे… अगं, हळू बोल. परसात बसलाय. मैद्याला पायाशी घेऊन. पुढ्यात पातेलं, अन् माशाचे काटे काढतोय एकेक… हो, तुझा बाप! अन् नाकावर माझा चष्मा… नाय, हाक नाय मारत. ठेव तू फोन, ठेव. मला बघू दे.