धुरपता म्हणे

नाव: श्रीमती धुरपता ज्ञानेश्वर भोयर, वय ५९ वर्षे, धंदा: भाजीपाल्याची शेती, रा. सिंदी मेघे, ता. जि. वर्धा.

मी स्वतः ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की, माझे पती ज्ञानेश्वर हे भजन मंडळात गात असत. ते दोन वर्षांपूर्वी मयत झाले. भजने मी वांग्याच्या वाफ्यात निंदता निंदता रचत असे. मंडळात बाया गात नसत, म्हणून शेवटच्या कडव्यात "धुरपता म्हणे" असे माझे नाव घ्यायचेच, हा पतीचा हट्ट होता.

पुतण्या नयन याचे वर्धेत रेकॉर्डिंगचे दुकान आहे. त्याने पतीची जुनी भजने एआयला ऐकवून त्यांच्या आवाजात नवीन भजने काढली व मोबाईलवर टाकली. खाली "गीत, संगीत, गायन: नयन" असे आहे. शेजारच्या सुरभीने मला ते वाचून दाखवले.

मी जाब विचारला. तो म्हणाला, "काकू, मशीननं बनवलं. ते कोणाचंच नाई." मी म्हटले, "कोणाचंच नाई, तर तुयं नाव काऊन?" तो म्हणाला, "बरं, तुमचं टाकतो, मग तर झालं?" मी म्हटले, "काई गरज नाई बाप्पा. ते तर गाण्यातच हाय."

मशीन शेवटी माझे नाव आपोआप घेते. नवीन भजनात पतीच्या आवाजात येते, "धुरपता म्हणे, सुटली माया, धनी विसरली." मी असे कधीच रचले नाही. गावातल्या सुलोचनाबाई ते ऐकून मला म्हणाल्या, "लय चांगलं जोडलं वो बाई." ते मीच रचले, असे त्यांना वाटले. मधे श्वास घ्यायची ढबसुद्धा पतीचीच आहे. त्या आवाजाचे मला भेव लागते आणि बंद केला तर करमत नाही.

चोरी नेमकी कशाची, असे साहेबांनी विचारले. आवाज त्यांचा, नाव माझे. शब्द कोणाचे, ते मला ठाऊक नाही. नयनला आत टाकू नका, घरचेच लेकरू आहे.

धनी हयातीत मी न दिलेला एक शब्द गायले नाहीत. मी त्याइले विसरली नाई, एवढे माझे म्हणणे लिहून घ्यावे. हे कोणाला कळवायचे, असे साहेबांनी विचारले.

त्याइलेच.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी शेवटपर्यंत ऐकला. यातला शब्द न् शब्द माझा आहे.

निशाणी अंगठा: धुरपता