छत्रीवाल्याची बोहनी

(पनवेल, २०१०. उरण नाक्याजवळचं सायबर कॅफे, भर दुपार. प्रितमने बनवलेला मासळी बाजाराचा गेम पडद्यावर आहे. कॅफे सांभाळणारी रिया त्याखालच्या प्रतिक्रिया वाचून दाखवते आहे.)

रिया : ...आणि हा जर्मनीवाला म्हणतो, मांजर फारच सोपं आहे. एक क्लिक केलं की पळतं.

प्रितम : अगं, आत्ताच कोणीतरी म्हणालं ना, मांजर काही केल्या जात नाही म्हणून?

रिया : तो ब्राझीलचा. त्याचा अख्खा हलवा मासा पळवला मांजराने. रागावून गेमच सोडला त्याने.

प्रितम : मग मी करू काय? जर्मनीला एक मांजर देऊ आणि ब्राझीलला दुसरं?

रिया : माझ्यावर कशाला खेकसतोस? मी नुसती वाचतेय. मांजरावरून भांडणं आहेत, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे.

प्रितम : चला, कशावर तरी आहे. कशावर?

रिया : छत्रीवाल्यावर. ऐक. "पहिलंच गिऱ्हाईक हा छत्रीवाला म्हातारा. अर्ध्या भावात मागतो. दिलं तर नुकसान. नाही दिलं तर दिवसभर बाकीच्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावरचे खुशीचे लाल बदाम धडाधड कमी होतात. हा बग आहे का?" दुसरा म्हणतो, म्हाताऱ्याला काढा. एका बाईने नुसतं विचारलंय, "का?"

प्रितम : का म्हणजे? बोहनी आहे ती!

रिया : कुठे लिहिलंयस तसं?

प्रितम : लिहायचं काय त्यात? पहिलं गिऱ्हाईक म्हणेल त्या भावात द्यायचं. मग दिवस चांगला जातो. लोकं थांबतात, चिडत नाहीत. नाही दिलं तर दिवस वाया. मासे उघडे ठेवले तर मांजर येतं, हे तरी कुठे लिहिलंय मी?

रिया : राजा, मांजर जर्मनीत पण असतं. बोहनी नसते.

प्रितम : खरंच नसते?

रिया : मला काय माहीत! पण नसणार. हे बघ, पुण्याच्या साइटवाल्यांनी काय सांगितलंय? संध्याकाळपर्यंत गेमचा बॅलन्स, म्हणजे सोपं-अवघड, नीट करून पाठव, मग गेम पहिल्या पानावर लावू, नोकरीचंही बोलू. म्हातारा काढ आणि पाठव.

प्रितम : आणि नाही जमलं तर सोमवारपासून महादेवमामाबरोबर बंदरावर, कंटेनर मोजत. माहितीये. पण तो काढला तर मग बाजार सुरू कसा होणार तेच मला कळत नाही.

मैना : प्रितम! अरे, जेवायचं नाय का? बाजार उठला, मी घरी निघाले.

प्रितम : आई, बरी आलीस. ये, बस. टोपली बाहेरच ठेव पण.

रिया : आणा आत, मावशी. बाहेर खरंच मांजर बसलंय.

मैना : ह्योच का तुझा खेळ? ही कोण, पदर खोचून बसलेय?

प्रितम : तू आहेस.

मैना : मी एवढी जाडी हाय?

प्रितम : आई, ते जाऊ दे. हे पहिलं गिऱ्हाईक बघ.

मैना : अगं बाई! हा तर कृष्णकांत मास्तर. छत्री पण तीच काढलीस, तुटक्या मुठीची.

प्रितम : हां. आता रियाला सांग, बोहनीला म्हणेल त्या भावात का द्यायचं. जगभरातली माणसं मला वेड्यात काढतायत.

मैना : म्हणेल त्या भावात? कोणी सांगितलं?

प्रितम : कोणी म्हणजे? तूच द्यायचीस रोज! मी बाजूलाच बसलेला असायचो, शाळेत जायच्या आधी.

मैना : बोहनीचं गिऱ्हाईक परत धाडू नये, एवढं खरं. पण अर्ध्या भावात कोण देतं? शेजारची शकू देती का? माझं टोपलं बुडालं नसतं?

प्रितम : पण मास्तरांना...

मैना : त्यालाच. दुसऱ्या कोणाला नाय.

रिया : त्यांनाच का, मावशी?

मैना : त्याची बायको खाटेवर होती गं. पेज आणि मांदेली, दुसरं काय तिला जात नव्हतं. फुकट दिलं तर घेणाऱ्यातला नव्हता तो. म्हणून मी म्हणायचे, मास्तर, बोहनी हाय, तुमी म्हणाल तो भाव. मग घ्यायचा. छत्री काखेत मारायचा आणि म्हणायचा, मैनाबाई, दिवस चांगला जाईल बघा.

प्रितम : आणि जायचा ना चांगला?

मैना : कधी जायचा, कधी नाय. उरलेले बांगडे घरी येत नव्हते का? कसे चाटूनपुसून खायचास.

प्रितम : ते उरलेले होते?

मैना : मग?

प्रितम : मला वाटायचं, तू माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचीस.

मैना : ...असं वाटायचं तुला?

प्रितम : हो. म्हणजे, बोहनी चांगली झाली म्हणून आपल्यालाही मिळाले, असं. त्यावरच तर सगळा गेम बांधला मी! आता मला काहीच कळेना झालंय. मांजर तरी बरोबर आहे का?

मैना : मांजराचं मला नको विचारू. म्हाताऱ्याला काढून टाक. मास्तर गेला आता, रागवायचा नाय. तुझी नोकरी व्हायला पायजे.

रिया : थांबा, थांबा. म्हातारा वाईट नाहीये. तो गप्प उभा राहतो, हे वाईट आहे. खेळणाऱ्याला काही कळतच नाही. त्याच्या तोंडी एक वाक्य दे.

प्रितम : काय देऊ? बायको आजारी आहे?

मैना : नको. ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नाय. मला पण शकूकडून कळलं.

प्रितम : मग म्हणायचा तेच देतो. "दिवस चांगला जाईल बघा."

रिया : हे मस्त आहे. इंग्रजी मी करते. जर्मनीवाल्यालाही कळेल, काहीतरी मिळणार आहे म्हणून.

प्रितम : आणि पुणेवाल्यांना नाहीच पटलं तर?

मैना : तर जाशील मामाबरोबर. तो काय खायला उठलाय का तुला? आधी पाठव तरी.

रिया : पण प्रितम, एक राहिलं. म्हाताऱ्याला दिलं की सगळ्यांचे बदाम वाढतात, हा नियम. तो तर खोटाच निघाला. काढायचा?

प्रितम : मला नाही माहीत. आई, तू सांग.

मैना : राहू दे रं. खेळात तरी जाऊ दे दिवस चांगला.