हात न लावलेले पाच लाख

…अन् वरून बँकेचा साहेब मलेच इचारून राह्यला, 'तुम्ही वापरले का नाहीत?' आता बोला! तुमाले सांगतो भाऊ, पाच लाखाले हात नाई लावला म्हनून बँकेत माझी झडती झाली. चोरी केली म्हनून नाई… चोरी नाई केली म्हनून!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाई तं तुमी म्हनसान दादाजीचं डोकस्कं फिरलं. सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर माझं बिछायतीचं दुकान. मंडप, सतरंज्या, खुर्च्या, सैपाकाचे मोठे गंज… कोनाकडं लगन असो का तेरवी, माझ्याच सतरंजीवर पंगत बसते. धंदा माझा, जागा मात्र किरायाची, रामाजी सेठची. चार-पाच वर्साआधी बँकेचा साहेब सोता दुकानात आला, चहा पेला अन् म्हने, 'दादाजी, घरावर पाच लाखांचा ओव्हरड्राफ्ट करून ठेवा. लागतील तेव्हा काढा, नाही काढले तर व्याज नाही.' मी म्हनलं, फुकटात इज्जत भेटून राह्यली, सोडतो कायले? केली सही!

अन् हात नाई लावला भाऊ, हात नाई लावला!

काऊन लावीन? आमी झाडीपट्टीचे मानसं! बियान्याचा धान ढोलीत भरला का तोंड शेनमातीनं लिपून टाकतो… घरात उपास पडो, पाव्हने येवो, पेरनीपर्यंत कोनी फोडत नाई. माझी माय अर्धपोटी झोपली, पन ढोली नाई फोडली. तं मीही ते चेकबुक ढोलीवानीच समजलो! लक्ष्मीपूजनाले पाटावर मांडलं, हळद-कुंकू वाह्यलं, अन् बायकोले, अन्नपूर्णाले, बजावलं, 'हे बियान्याचे पैसे! दागिने गहान टाक, पन इकडं पाहू नको.' अन् टाकले ना तिनं! पोरीच्या लग्नात पाटल्या गेल्या तिच्या, अजून सुटल्या नाईत. पन हात नाई लावला!

आता माझा साळा पाहा, लच्छू. हार्डवेअरचं दुकान, त्याच बँकेत तेवढीच लिमिट. पन तो? आज काढले, परवा भरले, तेरवा पुन्हा काढले! मी चार मानसात म्हनो, 'लच्छ्या, लेका, बियानं खाऊन राह्यला, एक दिवस बोंबलशीन!' तो हासे, 'भाऊजी, पैसा फिरला पायजे.'

अन् या वर्सी रामाजी सेठ म्हने, 'मी पोराकडं नागपूरले चाललो, जागा इकतो. पोळ्यापर्यंत तू घे, नाई तं दुसऱ्याले देतो.' अरे बाप्पा! जवानी गेली माझी त्या जागेत! पळत सुटलो बँकेत. तिथी नवीन साहेब, पुन्याकडला. कॉम्प्युटरमंदी पाहून म्हने, 'तुमच्या नावावर आधीच पाच लाखांची लिमिट आहे.' मी म्हनलं, साहेब, हात नाई लावला! 'नाही लावला, पण उद्या लावू शकता ना? आम्हाला ते धरूनच चालावं लागतं.' मंग त्यातूनच जागा घेतो! 'ते धंद्याच्या मालासाठी आहेत, जागेसाठी चालत नाहीत.' बरं, मंग माझी चालचलनूक तं पाहा! 'काय पाहू? तुम्ही कधी काढले नाहीत, कधी भरले नाहीत. रेकॉर्ड कोरं आहे. तुम्ही पैसे परत करता की नाही, आम्हाला कसं कळणार?' … ऐकलं? म्हंजे मी कर्जबाजारीही, अन् कर्जाची चव न पाह्यलेलाही! दोन्ही एकाच खुर्चीवर बसून!

डोकस्कं तापलं, म्हनलं, बंद करा थे लिमिट! केली बंद. मंग पुन्हा गेलो, तं तोच साहेब तोच चष्मा पुसत म्हने, 'अहो, लिमिट नुकतीच बंद झालेली दिसते… का बरं?' अबे, तूच तं केली ना बंद! हे मनात म्हनलं, तोंडानं 'साहेब' म्हनलं. 'असं करा, नवीन लिमिट घ्या, सहा महिने वापरून दाखवा, मग बघू.' अन् पोळा तोंडावर! बैलं सजून राह्यले, अन् मी बँकेच्या पायरीवर बसलो. रडू आलं भाऊ… लाज कायची!

जागा कोनं घेतली? लच्छूनं! त्याले कर्ज द्याले साहेब उठून उभा राह्यला म्हनते. फक्त एक जमानतदार पायजे होता. लच्छू पेढे घेऊन घरी आला, 'भाऊजी, साहेबानं तुमचंच नाव काढलं. म्हने, यांच्या अंगावर एक रुपया बाकी नाही, असा जामीनदार शोधून सापडत नाही!' कर्जाले माझं नाव चालत नाई, अन् जमानतीले सोन्यावानी! मी नाईच म्हननार होतो, पन दारात अन्नपूर्णा उभी… हातात काचेच्या बांगड्या. म्हने, 'सगळे दिवस तुमचंच ऐकलं ना मी? आता भावासाठी एक सही करा.' केली सही!

आता जागा लच्छूची, खुर्च्या माझ्या. किराया वाढवला त्यानं, अन् एक तारीख उगवली का मीच पळतो द्याले. काऊन? त्याची किस्त थकली तं बँक कोनाच्या दारात येईन? परवा साहेब रस्त्यात भेटला, हासून म्हने, 'दादाजी, आता तुमच्या नावावर काहीतरी दिसायला लागलं हं!' दिसन नाई तं काय…

पन बँकेच्या पैशाले मी अजूनही हात नाई लावला भाऊ. फक्त सही केली.