इथं रायी नको

लिहा मंग. नाव शेवंताबाई, राहनार मावला, आदिलाबादेले लागून. पर मूळ मी नदीकाठची, जैनथाच्या पलीकडं पेनगंगेच्या काठाले आमचं गाव, तिकडच्या काठावर महाराष्ट्र आन इकडच्या काठावर आमी, म्हैस पोहत पोहत पलीकडं गेली का दुसऱ्या राज्यात गेली, तिले कोन पुसते. बाप सालदार होता, माय लोकाईच्या वावरात कापूस येचे, मी बी येचला, हे बोटं पाहा, आधी बोंडाच्या टोकानं फाटले, मंग सिमिटानं खाल्ले. शाळा म्हनता? होती ना शाळा, तेलुगूची होती, घरात आमच्या मराठी, गुरुजी काय बोलते ते भिंतीले कळे आन मले नाई, चार दिवस गेली आन मंग मायसंग वावरात. तुमी हासता, हासा, मले त्याचं आता काई वाटत नाई.

लग्न झालं तवा हे आदिलाबादेत मिस्त्रीकाम करून राह्यले होते. नाव घ्या लागते? तुमालेच लिहायचं हाय म्हनून घेते, देवराव. गिलाव्यात त्यायचा हात असा होता का काय सांगू तुमाले, थापीवरचा माल भिंतीवर मारला का चिकटून बसे, खाली सांडतच नसे, आन मंग फळी फिरवत आन तोंडानं काईतरी गुनगुनत, आवाज मात्र असा बेसूर का बाप्पा, मी म्हनो गानं बंद करा नाई तर गिलावा पडन. मी त्याईच्याच हाताखाली, डोक्यावर घमेलं, सकाळी भाकर आन अंबाडीची भाजी बांधून निघायचं, दुपारी झाडाखाली बसून खायचं, तिथंच थोडं लवंडायचं. मेहनत होती, पर दिवस चांगले होते. आता गादीवर झोप येत नाई, तवा गिट्टीच्या ढिगाजवळ येत होती.

तर ते राईचं सांगते, त्याच्याबिगर पुढचं कळनार नाई. मी नवी नवी होती कामावर, आन मोठा मेस्त्री होता राजन्ना, तेलुगू मानूस, मोठ्या मिशा, मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. एका सायबाच्या राहत्या घराची नवी दगडी भित बांधून राह्यले होते. त्या दिवशी परांचीचा एक बांबू सुटून खाली आला, कोनाले लागलं नाई, पर सगळे म्हनाले, घराले नजर लागली. आन तेवढ्यात राजन्ना वरून वरडला, अम्मा, रायी ते! एका हातानं त्यानं मोठा दगड धरून ठेवलेला आन दुसरा हात माझ्याकडं पसरलेला. आता ते म्हंजे घेऊन ये, एवढं तेलुगू मले बाजारातून ठाऊक होतं. आन राई म्हंजे आपली फोडनीची राई, मोहरी. मी म्हनलं, नजर उतरवाले मांगून राह्यला. आमच्यात नजर-गिजर सोडलेलं, पर याच्यात असन, आपल्याले काय करायचं. धावत गेली त्या सायबाच्या बाईकडं, मूठभर राई मांगून आनली आन दिली ओतून मेस्त्रीच्या हातात.

तो हाताकडं पाहे, माझ्याकडं पाहे, त्याले समजेना का ही बाई पागल हाय का आपन. त्याले पाह्यजे होती दगडाची कपची, मोठ्या दगडाखाली ठोकाले. तेलुगूत दगडाले रायी म्हनतात, मले काय सपनात दिसलं? वर हे बसले होते भितीवर, असे हासले, असे हासले का थापी खाली पडली. मले तर रडूच आलं. दुपारी मी भाकर बी खाल्ली नाई, तवा हे भाकरीचा तुकडा घेऊन मांगं आले आन म्हने, खा व राई. बस. तवापासून शेवंता कोनी म्हनलंच नाई घरात. बाजारात, बसमदी, चारचौघात, ए राई. मी म्हनो, लोकं काय म्हनतीन. ते म्हने, तेलुगू लोकाईले वाटन बायकोले धोंडा म्हनून राह्यला, वाटू दे. राजन्नानं मंग मले तेलुगू शिकवलं, त्याची बायको गोंगुऱ्याचं लोनचं पाठवे, गोंगुरा म्हंजे आपली अंबाडीच, आन तरी वर्सभर तो मले पाह्यलं का हात पसरे आन म्हने, अम्मा, रायी.

हे घर आमी दोघानं बांधलं. तवा मावला म्हंजे रान होतं, सांजच्याले कोनी इकडं येत नव्हतं, म्हनून जागा हाती आली, पट्टा नावावर चढवाले तहसिलीत किती चकरा मारल्या ते सांगत नाई, नाई तर दिवस जाईन. लोकाईचं काम करून सुट्टीच्या दिवशी आपलं करायचं. हे गिलावा मारत आन मी पानी मारो, सकाळ-संध्याकाळ, भित वली ठेवायची, सुकू द्यायची नाई, पोटात विलास होता तरी मारलं. समोरच्या भितीत दाराजवळ एक दिवळी ठेवली होती, लहानसा कोनाडा, चिमनीचा दिवा ठेवाले. मंग करंट आला, दारावर बलब लागला, दिवळी रिकामी. हे म्हने बुजवून टाकतो, पाली बसतात.

आन मी तवा त्याईच्या मांगं लागली होती, लोकाईच्या घराले एवढी रायी लावता, आपल्या घराले कवा लावता? ते म्हनत, लावू. दरवर्सी लावू. तर दिवळी बुजवाच्या दिवशी हे घरात गेले, डब्यातली मूठभर राई आनली, कागदात बांधली, दिवळीत ठेवली आन पुढून वीट लावून वरून गिलावा फिरवला. मले म्हने, घे, लावली घराले राई, आता बोलू नको. असा मानूस. मी किती भांडली, फोडनीले राई ठेवली नाई म्हनून.

कोरोनाच्या आधीच गेले ते. दमा होता, सिमिटाचा. तो विषय नको.

आता विलास शाळेत मास्तर हाय, सून अर्चना मंचेरियलची, तिचा बाप कोळशाच्या खानीत होता, तेलुगू आमच्यापेक्षा तिलेच जास्त येते. दोघाईनं ठरवलं, समोरची भित दगडानं मढवायची. आजकाल मिळते ना ते, दगडाचे पातळ काप, विटेवर चिकटवायचे. मी पाह्यलं, म्हनलं हा दगड हाय का पापड? पर खरं सांगते, मनात मले बरंच वाटलं. त्याईची लावू लावू म्हनलेली रायी, पोरगा लावून राह्यला.

मंग शिनू आला, अंदाज काढाले, हे काम करनारा तेलुगू पोरगा, पर मराठी बोलते. टेप लावला, लांबी पाह्यली, उंची पाह्यली, दार-खिडक्या वजा केल्या, तिथं दगड लागत नाई म्हनून. अर्चना म्हने, दगडाचा भाव सांग. तो म्हने, अम्मा, नुसत्या दगडावर जाऊ नका, चिकटवाचा मसाला वेगळा, कोपऱ्याचे तुकडे वेगळे कापा लागतात, कापताना फुटनार ते वेगळं, परांची वेगळी, पानी मुरू नये म्हनून वरून हात मारा लागते ते वेगळं, आन मजुरी तर हायेच. आकडा नका इचारू, तेवढ्यात आमचं अख्खं घर उभं झालं होतं. आन मंग तो म्हने, पर सगळं या गिलाव्यावर हाय. जुना हाय, पोकळ वाजला तर पुरा छिन्नीनं उखडा लागन, नवा कराचा, मंगच दगड. तवा आकडा कुठच्या कुठं जाईन.

आकड्याचं मले काई नाई, ते पोराचं. पर त्याईच्या हातचा गिलावा उखडला तर माझ्याजवळ काय राह्यते? फोटो हाय घरात, पर फोटोत हात कुठं हाय त्याईचा. शिनूनं हातोडीची दांडी घेतली आन भितीले ठोकत निघाला, टक, टक, टक. मी वट्यावर बसली होती, सरकत सरकत त्याच्या मांगं गेली. वरती भरीव. खाली भरीव. खिडकीखाली, जिथं पाऊस मारते, तिथं बी भरीव. शिनू थांबला आन म्हने, कोन मेस्त्री होता हा? एवढ्या वर्साचा गिलावा आन कुठं सुटला नाई. बाई, मले रडूच फुटलं, पोरगा म्हने, आई काऊन रडतं, चांगलंच बोलून राह्यला ना तो. आता त्याले काय सांगू.

आन मंग दाराजवळ आला तर, धप. पुन्हा ठोकलं, धप. शिनू म्हने, इथं पोकळ हाय, एवढं फोडून भरून घेऊ. मी म्हनलं, नाई. विलास म्हने, आई, हातभर जागा हाय, तिथला दगड पडन ना उद्या. मी म्हनलं, पडू दे. काऊन पन? बाप मले राई म्हने हे पोराले ठाऊक, पर ह्या गोष्टी सुनेपुढं, परक्यापुढं कशा सांगाच्या, या वयात? शिनूनं छिन्नी काढली पिशवीतून. छिन्नी पाह्यली आन माझ्या तोंडातून बाहेरच पडलं, खबरदार, हात लावला तर! आन मंग सांगतलं सगळं, राजन्नापासून. अर्चना आधी हासली, तिले रायी बी कळे आन राई बी. तिनं शिनूले तेलुगूत समजावलं, तर तो बी खालीच बसला हासत. म्हने, आजी, नजरेसाठी ठेवली का? म्हनलं, नाई रे बाबा, माझं तोंड बंद कराले ठेवली. विलास मात्र हासला नाई, तो भितीपाशी गेला आन तिथं हात ठेवून उभा राह्यला.

मी म्हनलं, शिनू, खिडकी वजा केली ना तू? तशी हे बी खिडकीच समज, आन वजा कर. त्यानं खडूनं चौकोन मारला, मधात तेलुगूत काईतरी लिवलं, त्याच्या मानसाईले समजावं म्हनून. मी म्हनलं, काय लिवलं व? अर्चना वाचे, इक्कड रायी वद्दू. इथं रायी नको. मी म्हनलं, अवं माय, इथंच तं हाय.

आता झालं काम, तुमी येताना पाह्यलंच, भित चांगली दिसते, कॉलनीतले लोकं थांबून पाहातात. पाव्हने इचारतात, दाराजवळ एवढं अर्धवट काऊन ठेवलं, पैसे सरले का? मी म्हनते, हो, सरले. कोना कोनाले सांगत बसू. सकाळी चहा घेऊन मी तिथंच पाठ टेकून बसते, कवा कवा बोटानं वाजवते. घ्या, चहा थंड होऊन राह्यला तुमचा. किती लिवलं बाई, हात दुखला असन. जा माय, सुखी राहा, आन कोनी हात पसरून राई मांगली तर आधी इचारून घ्या, कोनती.