वरच्या गोदामाचं पाणी

"आधी वारा बघ, मग गोदाम बघ. आणि काही विपरीत दिसलं तर माझ्याशी बोलल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही. वेळ-अवेळ बघू नकोस."

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी ओदिल आपांनी हे सांगितलं होतं. विषारी रसायनांच्या करारावर सही केलेल्या देशांकडे तो पाळण्याचं बळ किती आहे ते तपासायचं, आणि जिथं कमी पडेल तिथं माणसं शिकवून तयार करायची, यासाठी त्या जिनिव्हाहून ताजिकिस्तानात येत. त्यांनी तयार केलेली झुलैखो आज पाटाच्या काठावर उभी होती आणि समोरचं गोदाम मागच्या अंगानं उघडं पडलं होतं. वारा पाठीकडून होता. तिनं फोन लावला.

"हॅलो?... हॅलो, आपा? मी झुलैखो... हो, हो, कळतंय, तिकडे अजून उजाडलंही नसेल... नाही, बरं काही नाही. आपा, वरचं गोदाम फुटलं.

"मागची भिंत... काल संध्याकाळी डोंगरातून चिखलाचा लोंढा आला, तो सरळ भिंतीवर. पोती भिजून फाटलीत, पांढरा राडा झालाय नुसता... हो, तीच. आजोबांच्या काळातली, कापसावर मारायची पावडर. जगानं तिच्यावर बंदी घातली आणि आम्ही कुलूप घातलं, ती.

"नाही, हात नाही लावला... मास्क आहे की. गळ्यात आहे... अहो, गळ्यातच राहणार ना! त्याला लावायचे फिल्टरचे डबे अजून कस्टममध्ये अडकलेत... हो, तुम्ही पाठवलेलेच. मास्क सुटले, डबे राहिले... हसा, हसा. मलाही हसूच येतंय.

"काय?... पाहणीच्या वेळी भिंत धड होती का? आपा, तुम्ही पाहिलीत कुठं ती! आठवा जरा. रईस साहेबांनी आधी चहा मांडला, मग फळं, मग पुलाव, मग पुन्हा चहा. जिल्ह्याचा प्रमुख पाहुण्याला न जेवता उठू देतो का आमच्यात? तुम्ही उठलात तेव्हा उन्हं उतरली होती. गाडीच्या काचेतून पुढचं नवं कुलूप बघितलंत, झाली पाहणी... नाही हो, बोल नाही लावत. वाढायला मीच होते.

"पाणी... तेच सांगतेय. पाटात उतरलंय. मासे उलटे होऊन तरंगतायत... पाटाच्या दाराची फळी पाडली ना, आल्या आल्या पहिलं तेच केलं. गंजली होती, लाथ घातली तेव्हा बसली. आता खाली थेंब जात नाहीये. पण रात्रभर गेलंय, आपा. रात्रभर.

"खाली?... खाली आमचीच वस्ती... कोण पितं म्हणजे? सगळेच पितात. आपा, ऐका ना. मघापासून एक सांगायचंय, ते तोंडून निघत नाहीये...

"आज घरी लग्न आहे. माझ्या धाकट्या नणंदेचं. पुलावाच्या कढया पहाटेच चढल्या. पाणी पाटातलं... मी कांदे चिरत बसले होते, तेवढ्यात गोदामाच्या राखणदाराचा फोन आला, तशीच निघाले. इथं येऊन बघते तर हे.

"पण उकळलंय ना, आपा? चांगलं खळखळून उकळलंय. उकळलं की जातं ना?... आपा?... ऐकू येतंय ना?... नाही जात?... थोडं तरी?... चरबीत आणखी मुरतं? अहो, दुंब्या मेंढ्याची चरबीच घातलीय त्यात, पातेलंभर... या अल्लाह.

"निगिना तिथेच आहे. माझी लेक. सकाळपासून आजीच्या मागे मागे हिंडतेय, चहा तर प्यायलीच असेल... हो. घेते श्वास. घेतेय.

"केला की घरी फोन! लग्नाच्या गडबडीत कोण उचलतंय? शेवटी रईस साहेबांना लावला, ते तिथेच पाहुणे म्हणून बसलेत... सांगितलं ना, सगळं सांगितलं, कढयांचंसुद्धा. म्हणाले, आत्ता तोंड उघडू नकोस. राजधानीची मंडळी आलीत, करारासाठी देशाचा अहवाल जायचाय, जगात शोभा नको. एवढ्याशा पाण्यानं काय होतंय, शेकडो माणसांत वाटलं जाईल... विचारलं मी, साहेब, तुम्ही जेवणार का? तर म्हणाले, मला मधुमेह आहे, मी भात खात नाही.

"मी?... मी जाऊ?... आपा, तुम्हाला कळत नाहीये. मी त्या घरची सून आहे. सासूसमोर मान वर करून बोलले नाही कधी, आणि लग्नाच्या कढईखालचा जाळ विझवू? जन्मभर म्हणतील, हिनं नणंदेच्या संसारावर पाणी ओतलं... नवरा? तो रशियात, बांधकामावर. त्याला फोन केला तर तो आधी आईला विचारेल.

"पोलीस? पोलीस रईस साहेबांच्या शेजारी बसलेत, जेवायला... दुसरं कोण म्हणून काय विचारता? तुमच्याच पाहणीत लिहिलंय ना, जिल्ह्यात प्रशिक्षित माणूस एक. तो एक म्हणजे मी.

"श्श... थांबा... वाजंत्र्यांचे लांब कर्णे पुलापाशी आले. वरात आली, आपा. ती दारात उतरली की ताटं निघतील... नाही, वेळ नाही. पटपट सांगा. क्रमानं सांगा.

"चहाचं पाणी आधी. बरं. मग कढया... ओतायचं नाही? झाकून बाजूला. कुत्र्या-कोंबड्यांनाही नाही... विहीर आहे ना, वरच्या अंगाला, तिथं हे पाणी पोचत नाही... पोरांना उलटी करवायची नाही, सरळ डॉक्टरकडे. समजलं... समजलं, आपा.

"रडत नाहीये. नाक वाहतंय... शब्द? कसला शब्द?... नाही, सासूबाईंच्या कानात नाही सांगणार. कानात सांगितलं तर ते कानातच राहील. अंगणात उभी राहून सांगेन, सगळ्यांसमोर. वरातीसमोर... हो. देते. दिला शब्द.

"तुम्ही कुणाकुणाला फोन करताय?... करा, करा, पण आधी माझ्यासाठी दुवा... हॅलो?... आपा?... हॅलो?"

फोन बंद पडला होता. खालून कर्ण्यांचा तो लांबलचक, घशातून काढल्यासारखा आवाज येत राहिला, आणि त्यात मध्येच बायकांची हसणी.

झुलैखोनं एकदा गोदामाकडे पाहिलं, मग बंद फळीकडे. फळी हलली नव्हती. तिनं डोक्यावरच्या रुमालाची गाठ घट्ट केली. त्या घरात आजवर तिचा आवाज चुलीपलीकडे गेला नव्हता. ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणून ती पाटाच्या कडेनं उतरणीला लागली. भराभर चालली, पण धावली मात्र नाही. अंगणात पोचल्यावर बोलायला दम उरायला हवा होता.