फ्रेममधली गर्दी

माझ्या मेव्हण्याचं नाव काढू नगा, ह्यो चा कडू लागंल मला. फिल्मा काढतोय त्यो. आमच्या गावाला, कुंडलला आला आन म्हणाला, "दाजी, तात्यांचं भजन शूट करायचंय. एक कॅमेरा, एक माणूस, एक एकतारी. बाकी काही नको. जेवढं कमी, तेवढं खरं."

आमी चौघं टाळ घिऊन बसलोवतो. आमाला म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबा, फ्रेममध्ये गर्दी होते." तात्यांच्या मागं वीस वर्सं टाळ धरलाय आमी, आन आमी गर्दी!

तात्यांनी एक ओळ म्हणली आन थांबलं. थांबणारच की! भजनात त्यांनी ओळ म्हणायची, मागच्यांनी ती उचलायची, तवर त्यांनी दम घ्यायचा. आता मागं कोणच न्हाई. तात्या दाराकडं बघाय लागलं. मी दाराबाहेरनं तोंड उघडलं, तर मेव्हण्यानं हात दावला, गप! अख्खं भजन असंच झालं. एक ओळ म्हणायची आन दाराकडं बघायचं.

गेल्या महिन्यात सांगलीत फिल्म दावली. संपल्यावर एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "काय ती शांतता! ओळीओळीनंतर ते दाराकडं बघणं! किती एकटा माणूस!" मेव्हणा आपला मान डोलवतोय.

माझं डोस्कंच फिरलं. उभा ऱ्हायलो आन म्हणलो, "आवं बाई, तात्या एकटं न्हवतं. ह्यानं आमाला भाईर काढलंवतं. तुमी जिला शांतता म्हणताय न्हवं, तितं आमी गातो."